दोरूच्या खोऱ्यात घर बघायला

आमच्या कोल्हापूर भागात पोरीची सोयरीक करायची म्हणजे आधी पोराचं घर बघायला जातात. घर बघायचं म्हणजे नुसत्या भिंती बघायच्या नसतात. विहिरीला पाणी किती, गोठ्यात जनावरं किती, भावाभावांत बोलणं आहे का, हे सगळं नजरेखालून घालायचं असतं. शिवाय जाताना गावातल्या चहाच्या टपरीवर आणि न्हाव्याच्या दुकानात सहज थांबल्यासारखं करून चौकशी करायची असते. ही चौकशी कुणाला कळू द्यायची नसते आणि ती साऱ्या गावाला कळलेली असते.

कोडोलीचा माझा मित्र आनंदा पाटील याच कामासाठी पोर्तुगालला जाऊन आला. सोबत मी. तेही सायकलवरून. परत आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक माणूस 'काय काय बघितलंसा?' असं विचारतो आणि पंक्चर निघेपर्यंत ऐकून अर्ध्यात उठून जातो. म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

माझं शिवाजी पेठेत सायकलींचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं. शेजारी तालीम आहे. आनंदा कोडोलीहून त्या तालमीत कुस्ती शिकायला आला तेव्हा आम्हा दोघांनाही मिसरूड फुटलं नव्हतं. त्याच्या सायकलीची चेन रोज पडायची, आणि ती मी रोज बसवून द्यायचो. मी त्याला आंद्या म्हणतो, तो मला बशीरचा बशा करतो. आता तो ऊस पिकवतो, स्वतःचं गुऱ्हाळ चालवतो आणि गुडघे साथ देत होते तोवर रविवारी जोतिबाला चालत जाऊन खेटेही घालायचा. पैलवानकीपासूनची एक गोष्ट त्यानं सोडलेली नाही, ती म्हणजे दारूला शिवायचं नाही. मी तर आमच्या धर्मानं शिवत नाही. असे आम्ही दोघं जगातल्या नामांकित दारूच्या खोऱ्यात निघालो होतो.

कारण त्याची एकुलती एक लेक स्नेहल. ती पोर्तो शहरात इंजिनियर आहे. तिथंच तिला रुई भेटला. दोरू नदीच्या खोऱ्यात, डोंगरावर त्याच्या घरचा द्राक्षमळा आहे. स्नेहलनं फोनवर सगळं सरळ सांगितलं. "रुई?" आंद्या म्हणाला, "रुई तर आपल्या हातकणंगल्याजवळचं गाव हाय की." त्यानंतर तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

वहिनींचं माहेर चंदगडचं. त्यांचा निकाल झालेला होता. "पोरगं फोनवर मला आई म्हणतंय, आनि काय पायजे?" पण आंद्या हटेना. "घर बघितल्याबिगर सोयरीक न्हाय. आन् ठरल्याबिगर त्या घरचं ताट न्हाय." हा त्यांच्या घराण्याचा जुना नियम आहे. पोराच्या घरी चहा चालतो, पाणी चालतं. पण जेवायला बसला म्हणजे सोयरीक जमली. जेवण नाकारून उठला, तर मग पुढं बोलायचं काही राहत नाही. त्याच्या वडिलांनी एकदा शिरोळकडच्या एका घरातून तयार पुरणपोळीवरून असं उठून येऊन दाखवलं होतं.

"मोटारीतनं गेलं की घर दिसतंय, गाव दिसत न्हाय," तो मला म्हणाला. "चालायला गुडघं न्हाईत. बशा, सायकली काढ."

रेग्वा

पोर्तोहून आगगाडी निघाली की थोड्या वेळानं दोरू नदी खिडकीला येऊन लागते आणि मग सोडतच नाही. रेग्वा या गावात आम्ही उतरलो. स्नेहल आणि रुई दुसऱ्या दिवशी परस्पर मोटारीनं वर गावी येणार होते. आम्ही चौकशी करत जाणार आहोत हे स्नेहलला सांगितलेलं नव्हतं. तिला वाटत होतं, म्हाताऱ्यांना हवापालट करायची हौस आली आहे.

सायकली तिथंच भाड्यानं घेतल्या. दुकानातला तरुण मला गिअर कसे बदलायचे ते शिकवू लागला. मी गप्प ऐकून घेतलं. माझ्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की मीही असंच करतो. समोरच्याला कसं वाटत असेल ते तिथं समजलं. सायकली मात्र उत्तम होत्या. एकच भानगड होती. आपल्याकडं उजव्या मुठीत पुढच्या चाकाचा ब्रेक असतो, तिकडं तो डाव्या मुठीत असतो. तारेचे ब्रेक असते तर चहा येईपर्यंत अदलाबदल करून टाकली असती; पण हे तेलावर चालणारे होते, परक्या सायकलीला हात लावता येईना.

"आंद्या, डावा हात जपून," मी बजावलं.

"बशा, मी जल्मभर सायकल चालवतोय."

घाटात पडणारा प्रत्येक माणूस हेच वाक्य बोलून पडलेला असतो. तीस-चाळीस वर्षं मी त्यांच्या सायकली सरळ करत आलो आहे.

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवल्या. आंद्याच्या एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत भडंग, वहिनींची लसणाची चटणी आणि स्वतःच्या गुऱ्हाळातला गुळाचा रवा, म्हणजे छोटी ढेप, कापडात बांधलेली. पावणं म्हणून जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं?

नदीकाठ

रेग्वापासून वर जाणारा रस्ता नदीला धरून जातो. सप्टेंबर, द्राक्षतोडणीचे दिवस. ऊन आपल्या मार्चसारखं, पण घाम वाळवणारं. दोन्ही बाजूंचे डोंगर तळापासून माथ्यापर्यंत पायऱ्या पायऱ्यांनी कापलेले, आणि प्रत्येक पायरीला पाटीच्या काळ्या दगडाचा बांध. आमच्या पन्हाळ्याच्या बाजूला असं एक शेत दिसलं तरी लोक कौतुक करतील. इथं सारं खोरंच तसं होतं. मी बघत राहिलो, त्यामुळं दोनदा रस्त्याच्या चुकीच्या कडेला गेलो. तिकडं उजवीकडून जायचं असतं.

आंद्याला बांधांचं कौतुक होतं, पण त्याचा जीव पाण्यात अडकला होता. त्यानं तासगावचे मांडवावरचे द्राक्षमळे बघितलेले आहेत. इथली झाडं कमरेइतकी, मुळाशी नुसता दगडाचा चुरा आणि ठिबकची नळी कुठंच नाही.

"पाणी देत न्हाईत ह्यास्नी?"

"दिसत तर न्हाय."

"आन् खाली नदी भरून वाहतीया! काय मानसं म्हनायची ही!" उसाला पाट फोडून पाणी देणारा माणूस; त्याला ते रात्रंदिवस तहानलेलं रान बघवेना.

दुपारी एका छोट्या खाणावळीत थांबलो. हिरव्या पाल्याचं दाट सूप आलं, वर डुकराच्या मांसाची एक चकती तरंगत होती. मी पोटावर हात फिरवून, मान हलवून, आकाशाकडं बोट दाखवून काय ते सांगितलं. बाई समजल्या आणि माझ्यासाठी नवं भांडं चढवून भाजलेले मासेही घेऊन आल्या. सोबत मक्याची जाड, घट्ट भाकरी. आंद्यानं ती सुपात कुस्करली, वर लसणाची चटणी घातली आणि पाच बोटांनी काला करून खाल्ला. बाई कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या. मग आतून नवऱ्याला बोलावून आणलं. त्यांचा आजा असाच खायचा, असं त्यांनी खुणांनी सांगितलं. जाताना त्यांनी चटणी थोडी मागून घेतली. आम्ही गेल्यावर त्या घरात काय झालं असेल, याची मला अजून काळजी वाटते.

पोट भरलं की आंद्याला वेग सुचतो. एका उतारावर तो माझ्या पुढं गेला. वळणावरून द्राक्षांनी भरलेला ट्रॅक्टर आला. आंद्यानं डावी मूठ आवळली. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, आंद्या मात्र थांबला नाही.

तो पैलवानासारखा पडला, म्हणजे खांदा आत घेऊन, म्हणून वाचला. गुडघा सोलवटला. वरच्या बांधावरून द्राक्षं तोडणाऱ्या बाया धावत आल्या. एकीनं बाटलीतलं पाणी जखमेवर ओतलं, दुसरीनं आपला डोक्याचा रुमाल सोडून बांधला. आंद्या मात्र पिशवी चाचपत होता. गुळाच्या रव्याचे तीन तुकडे झाले होते.

"फुटका रवा घिऊन कुनाच्या दारात जाऊ आता?"

"गुडघा फुटलाय, ते बघ आधी."

"त्यो भरून येतोय, लेका. गूळ सांधता येतोय व्हय?" तो रुमाल बांधणाऱ्या बाईकडं बघून ओशाळा हसला आणि त्याच तुकड्यातली एक कपची तिच्या हातावर ठेवली.

पिन्याँव

पिन्याँव हे नदीकाठचं टुमदार गाव. इथल्या स्टेशनच्या भिंतींवर निळ्या फरशांची चित्रं आहेत. द्राक्षं तोडणाऱ्या बाया, टोपल्या वाहणारे गडी, नदीतून पिंपं नेणाऱ्या होड्या. रुईचं गाव इथून वर डोंगरावर. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, उगीच कुणी उठून सोयऱ्यांच्या दारात जायचं.

चौकशीची जागा हीच, हे आंद्यानं ठरवलं. तो सरळ न्हाव्याच्या दुकानात जाऊन खुर्चीत बसला. न्हावी सत्तरीचे, आल्बानो नावाचे, चष्मा नाकाच्या टोकावर. खाणावळीत खुणांवर भागलं होतं, इथं मी फोन काढला. आपण मराठीत बोलायचं, फोनमधली बाई पोर्तुगीज सांगते. ते बोलले की ती मराठी सांगते. तिचं मराठी आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं.

आंद्याच्या गालाला फेस लागला. तो म्हणाला, "इचार त्यास्नी, त्या घरची मानसं कशी हायती."

उत्तर आलं, "ते कुटुंब अत्यंत सज्जन आहे."

"सगळी असंच सांगत्यात. दारू पित्यात का, ते इचार."

"आंद्या, हे नको इचारू."

"का? पोरीच्या बापानं पहिलं हेच इचारायचं असतंय."

मी विचारलं. आल्बानोंचा वस्तरा हवेत थांबला. त्यांनी आमच्याकडं बघितलं, मग दारातून बाहेर बघितलं. समोर वाइनचं दुकान होतं, शेजारी वाइनचं गोदाम, रस्त्यावर द्राक्षांचा ट्रॅक्टर, नदीत पिंपांची होडी. मग ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. बोलता येऊ लागल्यावर त्यांनी लांबलचक उत्तर दिलं, आणि फोनमधली बाई गंभीरपणे म्हणाली, "कुटुंबप्रमुख दररोज दोन्ही भोजनांसमवेत मद्यप्राशन करतात. त्यांचे वडीलही करीत असत. ते अतिशय वृद्ध होऊन द्राक्षमळ्यातच वारले. मात्र त्यांना झिंगलेले कोणीही पाहिलेले नाही."

शेवटचं वाक्य आंद्यानं ऐकलंच नाही. "म्हंजे बा बी पितोय आन् आज्जा बी पीत हुता," तो अर्ध्या दाढीनं आरशातल्या माझ्याकडं बघत म्हणाला.

बाहेर पडताना मी मागं वळून बघितलं. दुकानदाराची नजर असते माझी. आल्बानोंनी वस्तरा खाली ठेवला होता आणि टेलिफोन उचलला होता.

वरच्या गावाचा घाट

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चढ धरला, आणि कळलं की आमची गुप्त चौकशी खोऱ्याच्या दोन्ही काठांना पोचली आहे. एका बांधावरून तोडणीच्या बाया ओरडल्या, "इंडिया! इंडिया!" आणि मग अंगठा वर करून, "रुई, बॉम! बॉम!" बॉम म्हणजे चांगला, एवढं मला येत होतं. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर थांबवून द्राक्षांचा घड दिला आणि न विचारता साक्ष दिली. फोनमधली बाई म्हणाली, "हा मुलगा लहानपणी सर्वांच्या कोंबड्या चोरीत असे, माझ्या कधीही चोरल्या नाहीत."

"सगळ्यास्नी पढवलंय," आंद्या पुटपुटला. त्याचा चेहरा आदल्या दिवशीपासून उतरलेला होता.

चढ मोठा होता. मी लहान गिअर घालून रखडत होतो, आंद्या गुडघ्यामुळं सायकल ढकलत होता. अर्ध्या वाटेवर एक म्हातारा पडलेला बांध रचत होता. दगड फिरवून, ठोकून, जागेवर बसवत होता. आंद्याची पावलं थांबली. शेतकऱ्याला बांध रचणारा माणूस दिसला की पाय पुढं जात नाही. नाव आर्मांदो. आम्ही रुईच्या घराकडं चाललोय म्हटल्यावर ते रस्त्याच्या कडेला थुंकले.

"त्या मुलाचा पिता हट्टी आहे," फोनमधली बाई म्हणाली. "या बांधावरून त्याचा व माझा अनेक वर्षांचा तंटा आहे. प्रार्थनेच्या वेळीही तो माझ्याशी बोलत नाही."

आंद्या एकदम ताठ झाला. सायकल माझ्या हातात दिली आणि म्हाताऱ्याजवळ जाऊन बसला. "किती हाय म्हनावं भांडण?"

आर्मांदोंनी वीतभर जागा दाखवली.

"पीक चोरतोय का? वाट अडवतोय का?"

म्हाताऱ्यानं दगड खाली ठेवला. मग नाइलाजानं बोलावं तसं बोलला. "नाही. माझी पत्नी आजारी होती, त्या वर्षी त्याने स्वतःची द्राक्षे थांबवून आधी माझी तोडून दिली. परंतु बांधाच्या बाबतीत त्याचेच चुकते."

आंद्यानं मला हाक मारली. आदल्या दिवशीपासून पहिल्यांदा त्याचा आवाज मोकळा होता. "बशा, आयकलास? बांधाला भांडतोय म्हंजे मातीतला मानूस हाय. आन् भांडून बी तोडणीला जातोय." त्याच्या लेखी गावभरच्या अंगठ्यांपेक्षा ही एक तक्रार मोठी होती. त्यानं त्या म्हाताऱ्याला हाताखाली चार दगड दिले आणि मगच उठला.

वर एका वळणावर आम्ही दम खायला बसलो. खाली दोरू हिरवीगार, संथ, डोंगरांना वळसे घालत गेलेली. मला वाटलं, आता हा खुशीत बोलेल. पण त्यानं गुडघ्यावरचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला.

"बशा," तो म्हणाला, "चंदगडाला दिली असती तर काय झालं तरी सांजंला पोचलो असतो. हितं काय झालं, भांडण झालं, आजारी पडली, तर मी कवा पोचू? रडायला तरी कुनाच्या दारात जाईल ती?"

माझ्या दोन्ही मुली इचलकरंजीत आहेत. हाक मारली की येतात. मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला दारूची भीती नव्हती, घराची नव्हती. लेक लांब जाते आहे, एवढंच त्याला सोसत नव्हतं, आणि ते बोलायला त्याला एवढा डोंगर चढावा लागला.

रुईचं घर

घर दगडी, पुढं वेलीचा मांडव, मांडवाखाली लांब मेज. स्नेहल धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. मग गुडघ्यावरचा बायकी रुमाल बघून, "आप्पा, हे काय?" आणि माझ्याकडं वळून, "काका, तुमचं लक्ष कुठं होतं?" रुई उंच, काळेभोर केस, द्राक्षं तोडून जांभळे झालेले हात. तो वाकला आणि "नमस्कार, आप्पा" म्हणत त्यानं पाय शिवले. आंद्याच्या पांढऱ्या बुटांवर दोन जांभळे ठसे उमटले. ते त्यानं अजून धुतलेले नाहीत.

रुईचे वडील झे, बुटके आणि रुंद. आई लुर्देस. लुर्देसबाईंनी दोन दिवस खपून स्वयंपाक केलेला दिसत होता. मेजावर मासे, बटाटे, पाव, ऑलिव्ह. आणि माझ्यासाठी डुकराचा वास नसलेली सगळी भांडी वेगळी मांडून ठेवलेली. कुणी सांगितलं असेल ते मी विचारलं नाही. वाटेवरची खाणावळ आणि पिन्याँवचा न्हावी यांच्यामधून एकही बातमी निसटत नाही.

आंद्यानं अपराध्यासारखे गुळाचे तुकडे पुढं केले. लुर्देसबाईंनी वास घेतला, सुरी आणली, त्याच्या पातळ चकत्या कापल्या आणि प्रत्येक चकती चीजच्या तुकड्यावर ठेवून सगळ्यांना वाटली. तिकडं एका फळाची वडी असते, ती तशी खातात. गूळ आणि चीज! आंद्या बघतच राहिला. मी खाल्लं. सांगायला लाज वाटते, पण फार छान लागलं.

मग बाईंनी आंद्याची खुर्ची ओढली. त्यानं हात जोडले. "चहा चालंल."

"आप्पा, एक घास तरी," स्नेहल हळू म्हणाली.

"अजून ठरल्यालं न्हाय, बाळा."

मी मात्र जेवायला बसलो. नियम त्याचा होता, पोट माझं होतं. लुर्देसबाई उभ्याच होत्या. त्यांच्या घरी आलेला पाहुणा उपाशी बसलेला त्यांना समजत नव्हतं, आणि स्नेहल सांगायला तयार नव्हती. शेवटी मी फोन काढून नियम समजावला. बाईंनी शांतपणे ऐकलं. एक ताट घेतलं, त्यात प्रत्येक पदार्थ वाढला, वर धुतलेलं पांढरं फडकं झाकलं आणि ते ताट आंद्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलं.

दिवस कलायला लागला तसं झे सगळ्यांना मागच्या कोठारात घेऊन गेले. तिथं मोठा दगडी हौद होता, कमरेइतका खोल, दिवसभर तोडलेल्या द्राक्षांनी भरलेला. आता सगळ्यांनी चड्ड्या घालून आत उतरायचं, खांद्यावर हात टाकून रांग करायची आणि द्राक्षं पायांनी तुडवायची. चांगली वाइन अशीच होते म्हणे. पहिला मान पाहुण्याचा. झेंनी आंद्याला हात केला.

आंद्या दोन पावलं मागं सरला. "पायानं? खायाच्या मालाला पाय लावायचा?"

कोठारात सगळे थांबले.

"आमच्या गुऱ्हाळात रसाच्या कायलीजवळ कोन चप्पल घालून आला, तर हाकलून देतो मी त्याला. आन् हितं रसात पाय? न्हाय, बशा. हे न्हाय जमायचं." तो दाराकडं वळला. स्नेहलनं तोंड भिंतीकडं केलं. न्हाव्यानं सांगितलेली दारू पचली, बांधाचं भांडण पावलं, आणि सगळं येऊन अडलं पायाशी. हा आता ताट तसंच ठेवून सायकल काढणार, हे मला दिसत होतं.

मी त्याची वाट अडवली. "आंद्या, तालमीतल्या हौद्यात मातीवर ताक कोन वतत हुतं?"

"त्येचं काय हितं?"

"सांग की. ताक, तेल, हळद, लिंबाचा रस. वस्ताद घागरीनं द्यायचे आन् तू वतायचास. ते खायाचं नव्हतं? आन् मग त्याच मातीत नाचत हुतास न्हवं? तवा पाय लागला न्हाय?"

"उतरायच्या आदी माती कपाळाला लावत हुतो की आमी."

"मग हितं कुनी नको म्हटलंय?"

त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली होती. मी वळून बघितलं. झे पाण्याची नळी घेऊन खाली बसले होते आणि रुईचे पाय स्वतःच्या हातानं घासत होते. टाचेच्या भेगांत बोट घालून, नखं तपासून, पुन्हा पाणी ओतून. मग पुढच्या माणसाचे. मालाची किती काळजी आहे ते त्या बोटांत दिसत होतं.

आंद्यानं बूट काढले. ट्रॅकपँट मांडीपर्यंत गुंडाळली आणि रांगेत उभा राहिला. पाळी आली तेव्हा झेंनी त्याचे पाय हातात घेतले. जखमेला पाणी लागू न देता तळवे धुतले, घासले, पुसले. आंद्या गडबडून गेला, पाय मागं घ्यायला लागला, "अरं अरं, हे काय करताय!" आमच्याकडं लग्नात पोरीचा बाप जावयाचे पाय धुतो. इथं पोराचा बाप पोरीच्या बापाचे पाय धूत होता, आणि त्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. हात थांबवायला वाकलेल्या आंद्याचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यानं ते तसेच राहू दिले.

हौदाच्या काठावर तो वाकला. उजव्या हातानं द्राक्षांना शिवला, हात कपाळाला लावला, "जोतिबाच्या नावानं चांगभलं," आणि उतरला. झेंनी ते बघितलं आणि छातीवर क्रूस काढला. रोज काढतात की नाही कोण जाणे.

एका बाजूला झे, दुसऱ्या बाजूला रुई, मध्ये आंद्या. "उम्, दोइश्! उम्, दोइश्!" म्हणजे एक, दोन. गुडघा छातीपर्यंत उचलायचा आणि दाबायचा. गार लगदा मांडीला धरून ठेवतो. थोड्या वेळात तरणी पोरंही धापा टाकायला लागली. आंद्याचे पाय मात्र जुन्या मातीतले. सोललेला गुडघा विसरून तो रांग ओढत होता. झेंचा आवाज बसला तेव्हा त्यानं आपला लावला, "येक! दोन! येक! दोन!" आणि अख्खी रांग मराठीत चालू लागली. स्नेहल काठावर बसून हसत होती आणि रडत होती. मीही.

बाहेर आला तेव्हा तो मांडीपर्यंत जांभळा झाला होता. तसाच अनवाणी, फरशीवर जांभळी पावलं उमटवत, मांडवाखाली गेला. तिथं लुर्देसबाई मेज आवरत होत्या. त्याचं झाकलेलं ताट तेवढं जागेवर होतं. तो त्या खुर्चीत बसला.

"बशा," तो म्हणाला, "ह्या माउलीला सांग, भूक लागलीया."

मी फोन काढेपर्यंत लुर्देसबाईंनी ताटावरचं फडकं उचललं होतं.